ओट्यावरची बाग आणि सातबाऱ्यावरचे नाव

गेल्या काही वर्षांत आमच्या जळगाव-धुळ्याकडे बचत गटांच्या प्रदर्शनांत, महिला दिनाच्या मेळाव्यांत, एवढेच काय हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांतसुद्धा एक नवी वस्तू मांडलेली दिसते. पांढऱ्या प्लास्टिकचा हातभर लांबीचा डबा, आत पाणी, झाकणाला भोके, भोकांत कोवळी रोपे आणि वर दिव्यांची पट्टी. मातीचा कण नाही. याला हायड्रोपोनिक बाग म्हणतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर मिक्सरच्या शेजारी ठेवायची आणि घरच्या घरी भाजी काढायची. विकणारा तरुण मोठ्या आर्जवाने सांगतो, "ताई, विषमुक्त भाजी आहे. मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. तुम्ही नाही बघणार तर कोण बघणार?"

त्याच्या या शेवटच्या वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. डब्याशी माझे वैर नाही. पण घरादाराच्या ताटात काय पडते याची सगळी जबाबदारी बाईची आणि ते ठरवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, हा जो जुना न्याय आहे तो या डब्यात बसून नव्याने आपल्या स्वयंपाकघरात येतो आहे. त्याला आताच अडवले पाहिजे.

आधी डब्याचे खरे-खोटे पाहू. मातीविना शेती हे थोतांड नाही. झाडाला माती लागते ती आधारासाठी आणि तिच्यातल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांसाठी. हे क्षार मोजून पाण्यात दिले, मुळांना हवा आणि पानांना उजेड मिळाला, की रोप मातीशिवाय वाढते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याने पाणीही वाफ्यापेक्षा कमी लागते. आपल्या देशात ही विद्या १९४६ पासून आहे. शोल्टो डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञाने कालिंपाँगला तिचे प्रयोग केले. खडी-वाळूचे वाफे, हाताने घातलेले पाणी आणि बाजारात मिळणारी साधी खते, एवढ्यावर चालणाऱ्या त्या रीतीला 'बंगाल पद्धत' हे नाव पडले. साध्या माणसाला जमावी अशी ती रीत होती. तीच विद्या आता बंद डब्यात, कंपनीच्या बियांच्या कुप्या आणि कंपनीच्या खताच्या बाटलीसह, काही हजार रुपयांना विकायला आली आहे. कुपी संपली की पुन्हा कंपनीकडे जायचे. अमेरिकेतल्या एरोगार्डन या गाजलेल्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस जाहीर केले, की १ जानेवारी २०२५ पासून आपण व्यवसाय बंद करत आहोत. पुढे तिची विक्री पुन्हा सुरू झाली हे खरे. पण मधल्या काळात आपल्या ओट्यावरच्या बागेचे काय होणार, हे तिथल्या गिऱ्हाइकांच्या हातात नव्हते. आमच्या आज्यांनी गिलक्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवले, तेव्हा त्यांना कोणत्याही कंपनीची वाट पाहावी लागली नव्हती.

आता खानदेशचा हिशोब मांडू. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या ओट्यावर तर विचारूच नका. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा कमी होते, मुळे गुदमरतात आणि सडतात. वीज गेली की पंप थांबतो. पंचवीस वॉटचा दिवा रोज सोळा तास लावला, तर महिन्याला बारा युनिटे होतात. एवढे करून हाती येते काय? कोथिंबीर, पुदिना, थोडा पालक आणि लेट्यूस नावाचा विलायती पाला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते वांगे काही या हातभर डब्यात पोसत नाही. गिलके, गंगाफळ, वाल, शेवगा यांची तर गोष्टच सोडा. म्हणजे ज्या घरात भाजी आधीच विकत येते, तिथे ताटाच्या कडेला हिरवा शेंडा येईल. ज्या घरात भाजीच नाही, तिथे हा डबाही येणार नाही.

धुळ्याच्या एका वस्तीत आम्ही बायकांच्या बैठकीत या डब्याचे छापील पत्रक वाचून दाखवले. त्या वस्तीत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत होते. पत्रक ऐकून झाल्यावर मागे बसलेली एक बाई एवढेच म्हणाली, "ताई, पानी कोठे शे?" सगळ्या हसल्या. मग कोणी तरी म्हणाले की वावर असते तर डबा कशाला लागला असता. त्यावर तीच बाई शांतपणे बोलली, "वावर मना नाववर नही." माझ्या मते साऱ्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आले. पुढे मी जे लिहिणार आहे तो त्यांचाच विस्तार आहे.

मैत्रिणींनो, एक प्रश्न आपण नेहमी उलटा विचारतो. बायकांनी भाजी कशी उगवावी, असे आपण विचारतो. भाजी गेली कुठे, हे कोणी विचारत नाही. खानदेशातल्या शेतमजूर बाईची बाग कधीच अंगणात नव्हती, कारण तिला अंगणच नव्हते. तिची बाग दुसऱ्याच्या शेतात, पिकाच्या ओळींमध्ये आणि बांधावर होती. निंदणीला गेलेली बाई संध्याकाळी ओटीत तांदूळजा, घोळ, चिवळ, तरोटा घेऊन यायची. मालकाच्या लेखी ते तण होते, तिच्या लेखी रात्रीचे कोरड्यास होते. त्यासाठी तिला पैसा लागत नव्हता, वेगळा वेळ काढावा लागत नव्हता आणि कोणाची परवानगीही लागत नव्हती.

मग कापूस आणि केळी वाढत गेली, ज्वारी-बाजरी आणि त्यांच्यासोबतची कडधान्ये आकसत गेली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे तणनाशक सोसणारे कापसाचे बियाणे परवानगी नसतानाही चोरवाटेने शेतांत आले. तणनाशकाचा एक पंप मारला की आठवड्याची निंदणी वाचते. शेतकऱ्याचा खर्च वाचतो हे मला मान्य आहे. तोही कर्जात बुडालेला आहे. पण त्या एका पंपात मजूर बाईची दोन नुकसाने झाली, तिची निंदणीची मजुरी गेली आणि ओटीतली भाजीही गेली. बियाणे कोणते घ्यायचे, औषध कोणते मारायचे, कापूस किती आणि ज्वारी किती, यातला एकही निर्णय तिने घेतला नव्हता. शेतकऱ्याच्या बायकोनेही घेतला नव्हता. दुकानात जाणारा पुरुष, उधारी देणारा पुरुष, गाडी भरून नेणारा पुरुष. आणि आता रक्त कमी झाले की दवाखान्यात प्रश्न मात्र तिला विचारतात, "पालेभाजी का खात नाहीस?"

रक्ताचेच बोलायचे तर सरकारचा आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. मधल्या काळात पोषण महिने झाले, पोषणाच्या रांगोळ्या झाल्या, पाककृती स्पर्धा झाल्या. बाईला पालेभाजीचे महत्त्व कळत नाही म्हणून हा आकडा वाढला, असे कोणाला वाटत असेल तर त्याने एक दिवस आमच्याबरोबर फिरावे. तिला सगळे कळते. ती सगळ्यांना वाढून उरलेले खाते, हेही तिला कळते. शिवाय पालेभाजीतले लोह अंगी थोडेच लागते. त्याच्या जोडीला डाळ, लिंबू, गूळ, जमल्यास अंडे असे पोटभर जेवण लागते. ओट्यावरच्या चार पानांनी हा खड्डा भरणार नाही.

आता वेळेचे पाहू. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. जे पुरुष असे काम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटे आहे. ते काम करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच आहेत. या २९९ मिनिटांत आता डब्यातले पाणी बदलणे, क्षार मोजणे, मुळे धुणे, पंपातले शेवाळ काढणे यांची भर पडणार. जाहिरातीत डब्याशेजारी हसत उभी असते ती बाईच. पुरुष असलाच तर वर्तमानपत्र वाचत सॅलडची वाट पाहत असतो. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन ही यंत्रे तरी असलेले काम हलके करतो म्हणून घरात आली. शेतात होणारे काम ओट्यावर आणून बाईच्या यादीत वाढवणारे हे यंत्र मात्र निराळेच आहे.

सरकारी परसबागेचीही कथा फार वेगळी नाही. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपले 'उमेद', गावोगाव बचत गटांच्या बायकांकडून पोषण परसबागा करून घेते. गोल वाफे, मधून वाट, कडेला शेवगा, सांडपाण्याचा वापर ही सगळी मांडणी चांगली आहे आणि आमच्या कितीतरी मैत्रिणींनी ती मनापासून केली आहे. त्यांच्या घरात भाजी आली, याचा मला आनंदच आहे. पण ज्या बाईच्या घराला परस आहे तिचीच परसबाग होते. दलित वस्तीत, भिल्ल-पावरा वस्तीत, शहराच्या झोपडपट्टीत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. तिथे काय करायचे? तिथे बाई गोणीत, फुटक्या बादलीत दोन वेल लावते, त्यांचा फोटो निघतो आणि अहवालात एक परसबाग वाढते. जमिनीचा प्रश्न अहवालात कुठेच येत नाही.

म्हणून पुन्हा जमिनीकडे वळते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिवाटदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्यांमध्ये बायका किती, हे डोळ्यांना दिसतेच आहे. कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, पण ज्यांची लग्ने त्याआधी झाली होती त्यांना वगळले. २००५ साली केंद्राने ही दुरुस्ती देशभर केली आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच आहे हे स्पष्ट केले. आणि आमच्याकडे काय होते? आखाजीला लेक माहेरी येते, झोका खेळते, गाणी म्हणते, आणि परत निघताना भाऊ हक्कसोडीचा कागद पुढे करतो. सही केली नाही तर पुढच्या आखाजीला मुराळी येणार नाही, हे कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. दोन दिवसांच्या माहेरपणासाठी बाई आयुष्याची जमीन सोडून देते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात काहीच घडले नाही असे नाही. १९८६ साली आमच्या शेजारच्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला लाखावर बायका जमल्या होत्या. त्यातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती' आली, आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात 'सीताशेती'चा विचार मांडला गेला. घरच्या जमिनीचा एक तुकडा बाईच्या ताब्यात, त्यात तिने तिच्या अकलेने, विकतच्या औषधांशिवाय घरापुरते पिकवावे. ओट्यावरच्या डब्यापेक्षा हा विचार कितीतरी पुढचा होता, कारण तो जमिनीपासून सुरू होत होता. तरी त्याची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. ती जमीन नवऱ्याच्या मर्जीने मिळत होती. मर्जीने दिलेले मर्जीने काढूनही घेता येते. आणि ज्या नवऱ्याकडेच जमीन नाही, त्याच्या बायकोला सीताशेती कुठली? आमच्या खानदेशात त्याही आधी, १९७२ पासून, शहाद्याच्या आदिवासी बायका श्रमिक संघटनेत जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढल्या, गावोगावी दारूचे माठ फोडत फिरल्या. त्यांनी कोणाची मर्जी मागितली नव्हती.

इथे काही मैत्रिणी म्हणतील, की तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात. जळगावात राहून तंत्राला नावे ठेवणे मला शक्यच नाही. ठिबक सिंचनाचा एवढा मोठा उद्योग इथे उभा राहिला. केळीच्या प्रत्येक खोडाला थेंब मोजून पाणी मिळते ते आम्ही रोज पाहतो. माझा प्रश्न असा, की केळीच्या मुळापर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी अनुदान, कर्ज, अभियंते असे सगळे उभे राहते, मग वस्तीतल्या बाईच्या वेलापर्यंत पाणी पोहोचवायची वेळ आली की तिला स्वावलंबनाचे धडे का दिले जातात? मातीविना शेतीचे तंत्रही एखाद्या महिला गटाने शाळेच्या किंवा दवाखान्याच्या गच्चीवर, पगार घेऊन चालवले तर मी त्याचे स्वागत करीन. आजारी, अपंग किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला ओट्यावरच्या चार रोपांचा विरंगुळा वाटत असेल तर तिने तो जरूर घ्यावा. विरंगुळा म्हणून जे ठीक आहे, तेच कुपोषणावरचा उपाय म्हणून आपल्या गळ्यात मारले जाते, तेव्हा त्याला विरोध केला पाहिजे.

दुसऱ्या वाटाही आहेत. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायका गट करून पडीक जमीन खंडाने घेतात आणि भात, केळी, भाजीपाला पिकवतात. तिथे आधी जमीन, मग बाग असा क्रम आहे. क्यूबात १९९० नंतर सोव्हिएत मदत बंद पडली, इंधन आणि खते मिळेनाशी झाली, तेव्हा सरकारने हवाना शहरातल्या मोकळ्या जागा लोकांना पिकवायला दिल्या. शहराचा भाजीपाला शहरात उगवू लागला तो स्वयंपाकघरांच्या ओट्यांवर नव्हे, चौकाचौकातल्या वाफ्यांत. आपल्याकडेही मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कामगारांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तिथल्याच ओल्या कचऱ्याचे खत करून बाग उभी राहिली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ज्ञान फुकट वाटून हेच दाखवले. या सगळ्यांत एक समान धागा आहे. जागा सार्वजनिक किंवा सामाईक आहे आणि काम अनेकांच्या अंगावर वाटलेले आहे.

तेव्हा जळगाव-धुळ्यातल्या आपल्या गटांनी काय करावे, याबद्दल माझे म्हणणे मांडते.

पहिले, शहरातल्या प्रत्येक मंजूर वसाहतीत खुली जागा सोडावी लागते. ती कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, याची यादी माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे मागावी. त्यातल्या पडीक जागा वस्तीतल्या महिला गटांना नळासह भाजीपाल्यासाठी मिळाव्यात. गावात हीच मागणी अंगणवाडीलगतच्या आणि गावठाणातल्या जागेसाठी ग्रामसभेत करावी.

दुसरे, त्या बागेत राबणाऱ्या बाईला मजुरी मिळावी आणि तिथली भाजी अंगणवाडीने व शाळेच्या पोषण आहाराने दाम देऊन विकत घ्यावी. बाईच्या सेवाभावावर सरकारी योजना चालवणे बंद झाले पाहिजे.

तिसरे, १९९२ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे नवऱ्याला आपल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. हे कितीजणींना ठाऊक आहे? आपल्या प्रत्येक बैठकीत हा अर्ज लिहून द्यावा. मर्जीने मिळणाऱ्या नावाची मर्यादा मी वर सांगितलीच आहे, पण कागदावर आलेले नाव पुसणे सोपे नसते. आणि येत्या आखाजीला एकाही लेकीने वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय हक्कसोडीवर सही करू नये, असा प्रचार चैत्रापासूनच सुरू करावा.

चौथे, तणनाशकाने गेलेल्या मजुरीचा आणि भाजीचा प्रश्न शेतकरी संघटनांच्या व्यासपीठावर नेऊन मांडावा. तिथले भाऊ चिडतील. चिडू द्या. त्यांच्या कर्जाविरुद्धच्या मोर्चात आपण चाललो आहोत, आता त्यांनी आपल्या ओटीतल्या भाजीसाठी दोन पावले चालावे.

आणि पाचवे घरातले. डबा आणायचाच असेल, तर तो आणणाऱ्यानेच त्याचे पाणी बदलावे.

मेळाव्यात तो तरुण पुन्हा विचारील, "ताई, तुम्ही नाही बघणार तर कोण बघणार?" त्याच्यावर रागावू नका, तोही पोटासाठी फिरतो आहे. पण उत्तर द्या. महापालिकेने बघावे, ग्रामपंचायतीने बघावे, आहार विभागाने बघावे, घरातल्या पुरुषाने बघावे. आम्हीही बघू, आजवर बघतच आलो आहोत. मात्र यापुढे नाव, पाणी आणि वावर घेऊन बघू.